तीन टिकल्यांचा जोड

सहा सीटर रिक्षावाल्याने गिअर टाकला तेव्हा बायकोचा एक पाय गाडीत होता आणि एक रस्त्यावर. मंडईतून भाजी घेऊन आम्ही हडपसरला उतरत होतो. ती तोंडावर पडली आणि पुढचे दोन दात गेले. मी पिशव्या टाकल्या, पळत जाऊन त्याला सिग्नलला गाठला, गळपट्टीला धरून बाहेर ओढला आणि त्याचं डोकं त्याच्याच टपावर आपटलं. दोनदा. तिसऱ्या वेळी लोकांनी मला धरलं.

बायको पदर तोंडाला लावून मागून चालत आली. पदर लाल झालेला. तिने त्या माणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सापडले का माझे दात त्याच्या डोक्यात?"

ती अशीच बोलायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. घरात आता असं कोणी बोलत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बाकी सगळं हाताने शिकलो. कारखान्यात बसच्या बॉडीचा पत्रा ठोकायचो. दिवसभर हातोडी मारणाऱ्या माणसाचा हात संध्याकाळी घरी येऊन शांत बसत नाही. शेजाऱ्याला मारलं, मुकादमाला मारलं, मेव्हण्याला त्याच्याच लग्नात मारलं. बायकोवरही एकदा हात उचलला होता. ते लिहितोय, कारण नाही लिहिलं तर बाकीचं खोटं होईल.

बाहेरच्या कंपन्या आल्या, आमचा कारखाना बंद पडला. जिथे आमचं प्रेस शॉप होतं तिथे काचेची इमारत उभी राहिली आणि माझाच पोरगा तिथे कॉम्प्युटरपुढे बसायला लागला. तो म्हणाला, बाबा, हप्त्यावर नवीन गाडी घेऊ. मी म्हटलं, तुझ्या आईला बसायला गाडी मी घेईन, माझ्या पैशाने. कारखान्याने जाताना हातावर ठेवलेलं शिल्लक होतं. त्यात जुनीच येणार होती. पण जुन्या गाडीत मला कोण फसवणार? पत्रा मला कळत होता.

बायकोने एकच अट घातली.

"रविवारी विहारात पंचशील म्हणता आणि सोमवारी माणूस फोडता. गाडी घ्या. पण त्या गाडीपायी कोणावर हात उचललात, तर मी तिच्यात बसणार नाही. चालत जाईन."

ती बोलली म्हणजे तसंच करणार, हे मला माहीत होतं.

सोलापूर रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठकडे आम्ही दोघं गेलो. माझी पद्धत सोपी होती. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक गाडीवरून फिरवायचं. पत्रा असला तर चिकटतं. ठोकलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला असेल, तर चुंबक घसरून खाली पडतं. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा. पहिल्या गाडीवरून चुंबक तीनदा पडलं. शेठ म्हणाला, "काका, गाडी घ्यायला आलात की हातगाडीवर कलिंगड?" त्याच्याकडची पोरं हसली. माझी मूठ वळली. बायकोने नुसता घसा खाकरला. मी मूठ सोडली.

निळी गाडी चौथी. चुंबक कुठेच सुटेना, आवाज पितळेच्या घंगाळासारखा. खांब, दारं, टप, सगळं सरळ. मी खूश. शेठने चक्कर मारायला दिली, बायको मागे बसली. परत आल्यावर म्हणाली, "पायाखाली काहीतरी कटकट करतंय. डब्याचं झाकण नीट न बसल्यासारखं."

मी म्हटलं, "गप बस. पत्र्यातलं तुला काय कळतंय."

गाडी मी घेतली.

दोन महिन्यांनी तिच्या माहेरी निघालो. कात्रजचा घाट अर्धा चढलो असू, पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि हाड मोडल्यासारखा आवाज झाला. स्टिअरिंग हातात पिळलं गेलं. गाडी कठड्याला घासत गेली आणि थांबली. मागून ट्रक येत होता, त्याचं बंपर काचेला हात लावता येईल इतक्यावर थांबलं. मी मागे वळून बघितलं. बायको दोन्ही पाय सीटवर घेऊन बसली होती.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "मला खाली रस्ता दिसतोय."

फ्लोअर आडवा फाटला होता. ही एक गाडी नव्हतीच. एका ठोकलेल्या गाडीचं पुढचं अर्धं आणि दुसरीचं मागचं अर्धं जोडून केलेली होती ती.

तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं. गाडी टोइंगवाल्याकडून दाराशी आणून टाकली आणि तसाच शेठकडे गेलो. पहिला ठोसा नाकावर मारला, नाक मोडल्याचं बोटांना कळलं. खाली पडल्यावर लाथा घातल्या. चौघांनी ओढून काढेपर्यंत घातल्या. तो ओरडत होता, "काका, आईशपथ, मला माहीत नव्हतं, मलाही कोणीतरी तशीच विकली." मला ते पटत नव्हतं. असा जोड माहीत नसतो का कोणाला?

घरी आलो. बायकोने माझा शर्ट बघितला. त्यावरचं रक्त माझं नव्हतं, हे तिला कळलं. तिने ताट वाढलं आणि आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅट उपटली आणि फ्लोअरवरचं काळं कोटिंग पटाशीने खरवडायला घेतलं. कोणत्या हरामखोराने हे केलंय ते बघायचं होतं. जोड सुरेख होता. वेल्डिंग घासून सपाट केलेलं, वर कल्हईसारखा कथिलाचा हात, लांबीचा एक कणही नाही. म्हणून तर चुंबक सुटलं नव्हतं. पाण्याने आतून खाल्ला म्हणून फाटला, नाहीतर कळता ना. जोडाच्या टोकाला पंचाने मारलेल्या तीन टिकल्या होत्या, मधली जरा खाली.

कारखान्यात प्रत्येकाने आपल्या कामाखाली आपला पंच मारायचा, म्हणजे काम वाईट निघालं तर कोणाच्या कानाखाली वाजवायची ते साहेबाला कळतं. तीन टिकल्या, मधली जरा खाली, हा माझा पंच.

कारखाना सुटल्यावर दोन वर्षं एका गॅरेजात होतो. तिथे असे बरेच जोड मारले. हा आठवला, तेव्हा गाडी पांढरी होती. पुढचं अर्धं ज्या गाडीचं होतं, तिचं मागे काही उरलं नव्हतं, आणि डॅशबोर्डवरचं वाळलेलं रक्त मी रॉकेलच्या बोळ्याने पुसलं होतं. गॅरेजवाल्याला विचारलं होतं, यात बसणार कोण? तो म्हणाला, आपल्याला काय करायचंय. मीही म्हटलं, खरंय. बाकीचे लांबी भरतात, मी भरत नाही, याचाच मला माज होता. सवयीने पंच मारला आणि वर कोटिंग फासलं.

घणाने गाडीचा टप चेपला. काचा फोडल्या, दारं फोडली, हाताची सालं निघाली. कोणाला मारतोय ते मला माहीत होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. मी थांबल्यावर तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं, फुटक्या दारातून टिकल्या दाखवल्या आणि सगळं सांगितलं. पांढऱ्या गाडीचंही.

तिने वाकून त्या टिकल्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? ज्याचं नाक फोडलंत त्याला सांगा."

गेलो. शेठच्या नाकावर पट्टी होती. मला बघून पोरं उठली. मी हात मागे बांधले आणि सांगितलं, तो जोड माझा होता. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्याने मला मारलं. एक कानाखाली, एक पोटात, खाली बसल्यावर पाठीत लाथ. तिथे लोखंडी पाना पडला होता, हातभर अंतरावर. मी पान्याकडे बघत राहिलो. उचलला नाही.

घरी आल्यावर तिने गालावर उठलेली बोटं बघितली.

"तुम्ही?"

"नाही उचलला."

तिने गालाला हळद लावली. जरा जोरातच चोळली.

महिन्याभराने शेठनेच निरोप पाठवला, एक गाडी आलीय म्हणून. तीन ठिकाणी पोचे पडलेली, रंग उडालेला. चुंबक मी खिशातच ठेवलं. गाडीखाली उताणा झोपून पुढून मागेपर्यंत चेसिस हाताने चाचपली. बायकोला मागे बसवून चक्कर मारली आणि विचारलं, "कटकटतंय काही?" ती म्हणाली, नाही. मग घेतली. ती नऊ वर्षं त्या गाडीत बसली. दवाखान्यातही तिच्यातूनच गेली.

पोरगा म्हणतो, आता विका. परवा एक गिऱ्हाईक आलं होतं. बायको बसायची त्या बाजूच्या दारावर मुठीने धाडधाड ठोकून म्हणालं, काय डबडं आहे.

हात वर गेला होता. मी तो खिशात घातला आणि त्याला म्हटलं, गाडी विकायची नाही.