मुदत : नोकरी लागेपर्यंत

कल्याण-डोंबिवलीत झाडांना खिळे ठोकून वाढदिवस लावतात. सिग्नल झाकून ‘हार्दिक अभिनंदन’ लावतात. अशा बेकायदा फ्लेक्सविरुद्ध मी पत्रकं काढलीत, तक्रारी केल्यात, फ्लेक्स उतरेपर्यंत खाली उभी राहिलेय. त्यामुळे कल्याणातल्या फ्लेक्स छापायच्या दुकानात मी आपण होऊन गेले, तेव्हा मालक खुर्चीतून उठलाच.

“ताई, आता काय केलं आम्ही? या आठवड्यात एकपण लावला नाही!”

“मला फ्लेक्स छापून हवाय.”

“तुम्हाला?” त्याने आत हाक मारली. “अरे, मशीन बंद कर. हे ऐक आधी.”

मी पायलट आहे. म्हणजे परवाना आहे, नोकरी नव्हती. शिकले ती विमानं जुनी, समोर घड्याळासारख्या गोल तबकड्या. आणि विमान कंपनीच्या मुलाखतीत विचारणार पडद्यांवरचं कॉकपिट. शिकवताना जुनं द्यायचं, नोकरी देताना नवं विचारायचं, हा कुठला न्याय? चांगलं दोन पानी पत्रक निघालं असतं. पण पत्रकं वाटून मुलाखत पास होत नाही. बोलावणं आलेलं. ही भरती हुकली तर पुढची कधी, ते कोणीच सांगत नव्हतं. लॅपटॉपवर सराव चालू होता, पण तिथे सगळं पोस्टाच्या तिकिटाएवढं. छापलेलं का होईना, खऱ्या मापाचं कॉकपिट समोर असलं की हाताला आणि नजरेला जागा कळतात.

मालकाने सगळं ऐकून घेतलं. “चौकात नाही ना लावणार?”

“घरी. कपाटावर.”

“मग चालेल. नाहीतर तक्रार केली असती मी.”

घरी येऊन फ्लेक्स उलगडला. पडदे, बटणं, सगळं नेमकं. फक्त खालच्या कोपऱ्यात, जिथे परवानगीचा क्रमांक हवाच म्हणून मी जगाशी भांडते, तिथे बारीक अक्षरांत छापलेलं : ‘परवानगी : ताईंची. मुदत : नोकरी लागेपर्यंत.’

मी चिडणारच होते. पण आई एवढी हसली की राहून गेलं.

आई ठाण्याच्या ऑफिसातून आली की चहाचा कप घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची. को-पायलट. पडद्याच्या अगदी वर एक अरुंद पट्टी असते. विमान आपोआप चालवणारी यंत्रणा आत्ता काय करतेय, ते तिथे एकदोन शब्दांत दिसतं. हिरवं म्हणजे चालू, पांढरं म्हणजे नुसतंच तयारीत. पट्टी बदलली की मोठ्याने वाचायची. मी हिरव्या-पांढऱ्या चिठ्ठ्या करून दिलेल्या, आई पट्टीवर त्या मधूनच गुपचूप बदलायची.

आणि मला दिसायचंच नाही! तबकड्यांची सवय. नजर वेग, उंची, क्षितिज, पुन्हा वेग अशीच फिरायची.

“अगं, चिठ्ठी बदलून माझा चहा संपला,” आई म्हणाली. “कुठे पोचलं तुझं विमान?”

“मी उंची बघत होते.”

“मोठंमोठं काय बघतेस? रस्त्यात बॅनर दिसला की आधी कुठे बघतेस? साहेबांच्या थोबाडाकडे?”

नाही. कोपऱ्यात. चेहरा केवढाही असो, मी आधी बारीक अक्षरं वाचते. परवानगी आहे का, मुदत संपली का. या खोडीपायी मैत्रिणी माझ्यासोबत चालायला कंटाळतात. आणि तीच नजर मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत होते.

दुसऱ्या दिवसापासून कॉकपिटलाच बॅनर समजले. आधी बारीक अक्षरं, मग बाकीचं. आईचा हात चिठ्ठीवरून निघाला की मी ओरडायचे. शेवटी शेजारच्या काकू विचारायला आल्या, “काही भांडण झालंय का गं?”

मुलाखतीत एका वयस्कर कॅप्टनने पडद्याचं चित्र समोर सरकवलं. धावपट्टीची सरळ रेषा धरलेली, चाकं खाली, वेग बरोबर. “हे विमान आत्ता काय करतंय?”

‘उतरतंय’ अगदी जिभेवर आलेलं. तेवढ्यात नजर वर गेली. दिशेचा शब्द हिरवा, उंची राखण्याचा हिरवा. उतरणीचा पांढरा.

“उतरत नाहीये, सर. आहे त्याच उंचीवर चाललंय. उतरण अजून पकडलेली नाही, नुसती तयारीत आहे. तो शब्द हिरवा होईपर्यंत मी विश्वास ठेवणार नाही.”

“बरेच जण आधी वेग सांगतात. तुम्ही वर का बघितलंत?”

“फ्लेक्समुळे, सर.”

त्यांना कळलं नाही. मग समजावून सांगावं लागलं. झाडं, खिळे, सिग्नल, सगळंच. त्यांनी हात वर केला तेव्हा थांबले.

पुढे सिम्युलेटरवरची परीक्षाही झाली आणि निवडीचा मेल आला. आईनंतर पहिला फोन दुकानात केला.

“अभिनंदन ताई! चौकात मोठा लावू? फोटोसकट?”

“लावून तर बघा.”

“बरं, नाही लावत. पण घरातला काढा आता. मुदत संपली.”

बरोबरच होतं त्याचं. मी स्टुलावर चढले.

“राहू दे की गं आजचा दिवस,” आई खालून म्हणाली.

सगळे असंच म्हणतात. मी दोऱ्या सोडल्या.