डिझेल उतरणार नाही म्हणणारा उमेदवार

मत मागायला आलेल्या माणसाने भर सभेत 'नाही' म्हटलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्याचं मराठी मलाच करावं लागलं.

निवडणूक आली की इंदिरानगरातल्या आमच्या समाजाच्या सभागृहात सगळेच उमेदवार पायधूळ झाडून जातात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरी मराठी, दाराबाहेर कन्नड. पण नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या मंडळींचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या पुढे जात नाही. म्हणून उमेदवार बोलला की मी माइकवर मराठीत सांगायचं, असं ठरलेलं. आश्वासनं मराठीत आणून आणून मी इतकी सराईत झाले होते, की पुढचं वाक्य त्यांच्या आधी मलाच सुचायचं.

त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत माझा थोरला भाऊ, अण्णा, बसला होता. त्याची टॅक्सी व्हाइटफील्डच्या एका कंपनीकडे लागलेली. डिझेल महागल्यापासून घरात त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. तरी वहिनीचे दागिने गहाण टाकून दुसरी डिझेल गाडी घ्यायचं त्याने मनात घेतलं होतं. भरवसा कशाचा, तर आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराने निवडून आल्यावर कर कमी करतो, डिझेल उतरवतो असं सांगितलं होतं. तेही मीच मराठीत सांगितलं होतं, चांगलं रंगवून. 'घेऊ नकोस' हे माझ्या ओठांवर कितीदा तरी आलं, पण अण्णाचा राग नाकावर. विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

हा उमेदवार बुटका, घामेजलेला, घसा पार बसलेला. तो उभा राहतो न राहतो तोच अण्णा उठला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "सर, कर्ज काढून दुसरी गाडी घेतोय. तुम्ही निवडून आलात तर डिझेल उतरवणार ना?"

'नक्की उतरवू' म्हणायला मी माइक तोंडाशी नेलाच होता.

"तगोबेडी," तो म्हणाला.

अण्णाला कळायचं ते कळलं होतं, पण मागचे पुणेकर माझ्या तोंडाकडे बघत होते. घरात जे जमलं नव्हतं ते मी माइकवर, भावाच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "घेऊ नका."

मग उमेदवार थांबेचना. तेल बाहेरच्या देशांतून येतं, त्याच्या दरावर माझा ताबा नाही. राज्याचा कर आहे, पण तो कमी करा असं मी म्हणणार नाही. मला त्यातून आणखी बस हव्या आहेत. डिझेल स्वस्त झालं तर गाड्या वाढतील आणि हेब्बाळच्या पुलावर आत्ता अडकता त्याहून जास्त अडकाल. मी भांडेन ते टॅक्सीवाल्याला विजेची गाडी परवडावी म्हणून, तिला जागोजागी चार्जिंग मिळावं म्हणून, आणि ती वीज उन्हावाऱ्यातून यावी म्हणून. "त्याला वेळ लागेल," तो अण्णाला म्हणाला, "तोवर तुमचे हाल होतील. कर्ज काढून डिझेलची गाडी घेतलीत तर जास्त होतील."

त्याचा कार्यकर्ता मागून त्याची बाही ओढत होता. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले. मी मराठीत सांगतच होते. त्याचं सगळंच मला पटलं असं नाही. बसची वाट बघून माझे स्वतःचे पाय दुखलेले आहेत. पण समोरची मतं उठून जाताना त्याला दिसत होती, आणि एका अनोळखी टॅक्सीवाल्याचं घर बुडू नये म्हणून हा माणूस ती जाऊ देत होता. एवढी हिंमत मी राजकारणात पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर आमच्या घरातही नाही.

तो पडला, दणकून पडला. निकालाच्या दिवशी अण्णा जेवायला बसला असताना मी विचारलं, "अण्णा, तू मत कुणाला दिलंस?"

"त्या दुसऱ्याला. डिझेल उतरवतो म्हणालाय की तो."

वहिनी वाढता वाढता थांबली. "आणि गाडी?" तिने विचारलं.

"गाडी कुठली घेतोय?" अण्णा भात कालवत म्हणाला. "त्या माणसाने नको म्हटलंय ना."