पाण्याला न लावलेली झाडं

सगळा बाजार त्याला 'रंगारी' म्हणायचा, आणि या माणसाने जन्मात कधी हातात ब्रश धरला नव्हता. घराच्या भिंतीसुद्धा त्याने दुसऱ्याकडून रंगवून घेतल्या होत्या. त्याचा धंदा माशांच्या काचेच्या टाक्यांचा. टाक्यांत लावायची झाडं वाढवायची, दवाखान्यांत, हापिसांत नेऊन ती लावून द्यायची, अधूनमधून जाऊन पानं छाटायची, काच पुसायची. इतकं साधं काम, आणि नाव काय तर रंगारी. हे नाव त्याला साडूमुळे पडलं होतं. त्यामुळे घरात साडूचा विषय निघाला की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जेवताना निघाला तर ताट सरकवून उठायचा. बायको म्हणायची, अहो, अन्नाने तुमचं काय घोडं मारलंय? पण ऐकतो कोण!

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा पठ्ठ्याला नोकरी नव्हती. होती ती फक्त जीभ, आणि ती मात्र साखरेत घोळलेली. धाकटी थोरलीपाशी रडली, थोरलीने नवऱ्याला गळ घातली, आणि हा भला माणूस साडूला हाताशी घेऊन काम शिकवायला लागला. कात्री कशी धरायची, लांब चिमट्याने रोप वाळूत कसं खोचायचं, मासे बिथरू न देता पाणी कसं बदलायचं, सगळं शिकवलं. पोटच्या पोराला शिकवावं तसं शिकवलं, आणि पुढे आयुष्यभर त्याच गोष्टीबद्दल स्वतःला शिव्या घालत बसला.

त्यातली मुख्य गोष्ट पानांची होती. ही झाडं मोठी लबाड असतात. ओल्या मातीच्या ट्रेमध्ये, वर काच झाकून, हवेत वाढवली तर भराभर वाढतात. पान जाड, गोलसर, हिरवंगार येतं. तेच झाड पाण्यात बुडवलं की त्याला ती पानं नकोशी होतात. आधी पिवळी पडतात, मग बुळबुळीत होऊन गळतात. बघणाऱ्याला वाटतं, मेलं झाड. पण मुळं जिवंत असतात. मधल्या कोंबातून नवीन पान फुटतं ते दुसऱ्याच झाडाचं वाटावं असं, लांब, अरुंद, कडेला झालर असलेलं. वरून दिवा भरपूर मिळाला तर लालभडक होतं, दिवा कमी पडला तर तेच लाल पान पुन्हा हिरवट व्हायला लागतं.

घाईचे विक्रेते हवेतली झाडं तशीच विकून मोकळे होतात आणि गिऱ्हाईक नंतर डोक्याला हात लावून बसतं. याला ते पटायचं नाही. तो आधी आपल्याच टाक्यांत झाडं बुडवायचा, जुनी पानं तिथेच गळू द्यायचा आणि नवी फुटल्यावरच माल बाहेर काढायचा. याला तो झाड पाण्याला लावणं म्हणायचा. पाण्याला न लावलेलं झाड त्याच्या दारातून कधी बाहेर पडलं नाही. निदान तोवर तरी.

दातांच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात त्याने लाल झाडांची टाकी लावून दिली होती. बसलेल्या लोकांच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून तिथली काउंटरवरची मुलगी टाकीचा दिवा बंद ठेवायची, आणि बाई आल्या की चालू करायची. झाडं बिचारी हिरवी पडली. बाई चिडल्या. नेमका त्या दिवशी काच पुसायला साडू गेला होता. दिवा बंद असतो हे त्याला ठाऊक होतं, पानं बदलतात हेही ठाऊक होतं. तरी तो बाईंना हळूच म्हणाला की खऱ्या लाल झाडाचा रंग कधी जात नाही, आमचे दादा पानं रंगात बुडवून आणतात, मला बोलवत नव्हतं पण तुमची फसवणूक बघवत नाही. झालं. बाईंनी याला फोनवर फैलावर घेतलं, काम साडूला दिलं आणि ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना सावध केलं. एकेक करून सगळी कामं साडूकडे गेली. वर नाव पडलं, रंगारी.

त्याने खुलासे केले नाहीत असं नाही. पण पानं आपोआप बदलतात म्हटलं की लोक हसायचे. शेवटी त्याने बोलणंच सोडलं. मागच्या खोलीत ट्रे मांडून झाडं वाढवायची, पाण्याला लावायची आणि ती एका घाऊक व्यापाऱ्याला द्यायची, एवढंच काम उरलं. दोघे साडू एकमेकांना पाण्यात पाहू लागले. धंदाही पाण्याचाच, म्हणजे सोयच झाली म्हणायची.

बायको मात्र गप्प बसली नाही. कुणाच्या लग्नात, बारशात, जिन्यावर, दुकानात, कुणी 'रंगारी' म्हटलं की ती पदर खोचून उभी राहायची. आमचे हे पानं रंगवत नाहीत, पानं बदलतात, झाडाचा तो स्वभावच असतो, असं ती समोरच्याला पटेपर्यंत सांगायची. पटायचं फार थोड्यांना. सख्ख्या बहिणीशी तिने याच पायी बोलणं टाकलं. आई आजारी पडली तेव्हा दोघी उशाला बसल्या त्या एकमेकींकडे पाठ करून. आपल्या नवऱ्याचं नाव एक दिवस स्वच्छ होईल आणि ते त्या डॉक्टरबाईंच्या तोंडूनच होईल, एवढीच तिची इच्छा होती. त्याची इच्छा वेगळी होती. त्याला साडूला मातीत लोळताना बघायचं होतं. दोन्ही इच्छा एकच आहेत अशी दोघांची समजूत होती.

मग एक दिवस व्यापारी माल न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला की दातांच्या डॉक्टरबाई दवाखाना मोठ्या जागेत नेतायत, भिंतभर टाकी करतायत आणि काम तुमच्या साडूकडे आहे, झाडं माझ्याकडूनच जाणार. माल कुणाचा ते साडूला माहीत नव्हतं. या व्यापाऱ्याकडची झाडं पाण्याला लावलेली असतात, लावली की टिकतात, एवढंच त्याला माहीत होतं.

आपल्या माणसाने चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. किती झाडं लागतील ते विचारलं. त्या रात्री त्याला इतकी गाढ झोप लागली की बायकोला काळजी वाटली. आणि ठरलेल्या दिवशी त्याने ट्रेमधली झाडं उपटली, मुळं धुतली आणि तशीच पिशव्यांत भरून दिली. पाण्याला लावलीच नाहीत. खोटं काही बोलला नाही. व्यापाऱ्याने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही.

नवा दवाखाना दणक्यात सुरू झाला. टाकी अशी हिरवीगार की लोक दातदुखी विसरून बघत बसायचे. त्यानंतर या माणसाला त्याच रस्त्याने जायची रोज कामं निघायला लागली. समोरच्या फुटपाथवर उभं राहिलं की काचेतून टाकी दिसायची. आधी कडा पिवळ्या पडल्या. मग पानांना भोकं पडली. मग ती सुटी होऊन पाण्यात तरंगायला लागली आणि पाणी गढूळ झालं. एकदा साडू स्टुलावर चढून, बाह्या वर करून, हाताने ती घाण गोळा करताना दिसला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आपला माणूस बराच वेळ उभा राहून ते बघत होता. घरी येऊन त्याने दोन घास जास्त खाल्ले.

शेवटी दवाखान्यातून फोन आला. बाईंना दुसऱ्या जाणकाराचं मत हवं होतं आणि गावात दुसरा जाणकार होता कुठे? बायकोचे डोळे भरून आले. धाकटीचाही तिला सकाळी फोन आला होता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. ती रडत होती. भावोजींना म्हणावं, फक्त खरं काय ते सांगा, आमचं पोट त्यावर आहे. थोरलीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. नवऱ्याला मात्र दारापर्यंत येऊन म्हणाली, "त्याचं काय व्हायचं ते होवो. तुम्ही फक्त पानं बदलतात एवढं सांगून या."

दवाखान्यात लोक रांगेने खुर्च्यांवर बसले होते. आतून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता. साडू टाकीपाशी उभा होता, चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. डॉक्टरबाई मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आल्या. त्या म्हणाल्या की हे गृहस्थ म्हणतायत, पानं आपोआप बदलतात, धीर धरा, नवी येतील. आणि मागे हेच म्हणाले होते की खऱ्या झाडाचा रंग कधी जात नाही. यातलं खरं काय ते मला आज कळू दे.

त्यावर साडूने जे केलं त्याची याने स्वप्नातही अपेक्षा केली नव्हती.

"तेव्हा मी खोटं बोललो होतो, डॉक्टर," साडू म्हणाला. "दादांचं काम मला हवं होतं. त्यांनी पानं रंगवली नव्हती, तुमचा दिवा बंद असायचा." मग तो याच्याकडे वळला. "दादा, पानं बदलतात हे तुम्हीच शिकवलंत मला. सांगा त्यांना."

खुर्च्यांवरचे लोक ऐकत होते. काउंटरवरच्या मुलीने फोन बाजूला ठेवला. बायको इतकी वर्षं ज्याची वाट बघत होती ते सगळं कुणीतरी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. याने टाकीत वाकून बघितलं. सडक्या पानांच्या खाली, अगदी वाळूलगत, बारीक तांबूस पानं फुटली होती, अरुंद, झालरीची. पुढे सगळी टाकी लाल होणार होती आणि झाडं याच्याच हातची होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

पण त्याला साडूचा आवाज ऐकू आला होता. दादा म्हणतोय! कामं खाल्ली, नाव खाल्लं, बायकोचं माहेर खाल्लं, आणि आता बुडायला लागल्यावर दादा! या दिवसासाठी त्याने एक वाक्य मनात इतक्या वेळा घोकलं होतं की ते आपोआपच बाहेर पडलं.

"पानं बदलत नाहीत," तो म्हणाला. "हा सडका माल आहे."

साडू मटकन खुर्चीवर बसला, एका पेशंटच्या शेजारी. काय सांगावं, या माणसाला इतकं सुख त्याच्या लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. ऊर भरून आला. लाव आता टाक्या, असं तो मनात म्हणत होता, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "मग माझ्या जुन्या टाकीत तुम्ही दिलेली झाडं? ती लाल होती आणि हिरवी झाली."

याचा त्याने विचारच केला नव्हता. साडू पडतो इथपर्यंत त्याने सगळं रंगवून ठेवलं होतं, त्याच्या पुढचं काहीच नाही. त्याने तोंड उघडलं. साडूने मान वर केली होती आणि त्याच्या डोळ्यांत आशा दिसत होती. आता दादाला खरं बोलावंच लागेल, दुसरी वाटच नाही, असं त्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. ती आशा याला सहन झाली नाही.

"ती रंगवलेली होती," तो म्हणाला.

मग डॉक्टरबाईंनी मुलीला सांगितलं की उद्या टाकी रिकामी करून घे, मला कुठलंच झाड नको. आणि त्या मास्क वर ओढून आत गेल्या.

जिन्यात साडू त्याच्या मागून उतरत होता. शेवटच्या पायरीवर तो थांबला. "मी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, दादा," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला.

घरी पोचला तर बायको दारातच उभी होती. धाकटीने फोनवर सगळं सांगितलं होतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. तरी हा म्हणाला की आता तो या धंद्यात पुन्हा उभा राहत नाही, मुळापासून उखडला त्याला. खरं तर त्याला अजूनही वाटत होतं की ती खूश होईल.

"त्याने सांगितलं, झाडं रंगवलेली नव्हती," ती म्हणाली. "आणि तुम्ही सांगितलंत, होती."

"त्याला बुडवायचा होता मला."

"बुडवलात. आता मी लोकांना काय सांगू? मी बायको, माझं तसंही कुणी ऐकत नव्हतं. तुम्ही रंगवत नव्हता हे सांगणारा दुसरा माणूस जगात एकच होता, आणि त्याला तुम्ही आज खोटा पाडून आलात."