कोरा डोळा

ऑफिसात तिला सगळे पेटीवाली म्हणत. हे नाव तिला कप्तानाने, म्हणजे तिच्या साहेबाने ठेवलं होतं आणि त्याचं स्वतःचं नाव बाकीच्या मंडळींनी ठेवलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. कंपनी युद्धाचे गेम बनवायची. किल्ले, सैन्य, राजेमहाराजे हे सगळं मानाचं काम दुसऱ्यांकडे. पेटीवालीकडे किरकोळ सामान. सेनापतीने नकाशावरून घोडा दौडवत जाता जाता उचलायच्या वस्तू: लाकडाची मोळी, सोन्याची रास, पाण्यात तरंगणारी बाटली आणि पेटी. खेळणाऱ्याला वस्तू दिसली तर तो उचलतो. दिसली नाही तर लढाई हरतो आणि कंपनीला खरमरीत शब्दांत कळवतो. अशा तक्रारींचा सध्या ढीग साचला होता. "झाडीत पेटी आहे हे मला माझ्या मेव्हण्याने सांगितलं, तुम्हाला सांगायला काय झालं होतं?" असं एकाने विचारलं होतं आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

तर वस्तू नजरेत भरतील असं करायचं. ऐकायला सोपं. कप्तानाकडे उपाय तयारच होता, प्रत्येक वस्तूभोवती पिवळीजर्द कड मारायची. पेटीवालीला ती कड बघवत नसे. जंगलात वर्षानुवर्षं पडलेली पेटी एकदम दुकानातल्या सवलतीच्या मालासारखी दिसायला लागे. तिचं म्हणणं, पेटीमागचं गवत जरासं फिकं करा, तिच्या अंगावरची झाडाची सावली काढा, झाकणाचा एक कोपरा उजेडात आणा. नजर तिथे आपोआप गेली पाहिजे आणि का गेली ते कळता कामा नये. या हट्टापायी तिने उमेदीची वर्षं घालवली होती. हातात काय आलं, तर जाड भिंगाचा चष्मा आणि आखडलेली मान.

या धंद्यात एक गोम आहे. पेटी जो ठेवतो त्याला ती दिसतेच. कितीही दाट झाडीत कोंबा, त्याला दिसते, कारण ती कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तपासायला नकाशा कधीच न पाहिलेला माणूस लागतो. ऑफिसच्या भाषेत कोरा डोळा. एकदा बघितलं की तो डोळा उष्टा झाला, त्या नकाशापुरता कामातून गेला. ऑफिसातले डोळे केव्हाच संपले होते. मग गेटवरचा सुरक्षारक्षक झाला, झाडूवाल्या मावशी झाल्या, हिशेब बघणाऱ्या बाईंचा नवरा झाला. पार्सल आणणारे तर आता पार्सल ठेवून जिन्यातूनच पळ काढत. चारचौघांत कोणाशी ओळख झाली की पेटीवालीच्या मनात पहिला विचार यायचा, हा माणूस कोरा आहे. असल्या विचाराची तिची तिलाच लाज वाटे.

आणि घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी जन्मभर एका इस्पितळाचं कोठार सांभाळलं होतं. एक चादर इकडची तिकडे झाली तर त्यांना कळायचं. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या स्वयंपाकघरातही त्यांनी तोच कारभार सुरू केला आणि सुनेने बरीच वर्षं दात-ओठ खाल्ले. कपाट उघडलं की मागून प्रश्न यायचाच, "काय हवंय?" त्याच बाई आता स्वतःच्या घरात संडास कुठे आहे ते विचारत. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नसे. सुनेला बाई म्हणत, कधी ताई, कधी नुसतंच "अगं". स्वतःच्या मुलाला ओळखत, पण तो अजून कॉलेजात आहे असं समजून. गॅस सुरू करून विसरत. दाराची कडी काढून चपलांशिवाय रस्त्यावर जात. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. तो घरी असला की ती ऑफिसात, ती घरी असली की तो कारखान्यात. दोघांची गाठ पडे ती दारात, आणि तेव्हा बोलणं व्हायचं ते औषधांचं.

एकदा सासूबाईंनी बाहेर जायचा धोशा लावला तेव्हा पेटीवालीने टॅबलेट त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आई, यात एक पेटी हरवलीय. बघा बरं सापडते का." सासूबाई बसल्या. शोधू लागल्या. नदीवरून, डोंगरावरून बोट फिरवत राहिल्या आणि घर पहिल्यांदाच शांत झालं. दुसऱ्या दिवशी तिने परत तेच पुढे केलं. "हे काय गं? कुठलं गाव हे?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हा पेटीवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज नव्याने कोरा होणारा डोळा घरातच होता.

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं. ती रोज ऑफिसात नकाशा दुरुस्त करायची, घरी आणून सासूबाईंपुढे ठेवायची आणि बोट कुठे अडतं, कुठे घसरतं ते बघायची. मोळी सापडली, सोन्याची रास सापडली, बाटलीसुद्धा सापडली. कप्तान खूश. "एवढे कोरे डोळे आणतेस कुठून?" तो विचारायचा. "शेजारीपाजारी," ती सांगायची. एक पेटी तेवढी राहिली होती, उंच कड्याखालच्या झाडीतली. ती सासूबाईंना काही केल्या दिसेना. बोट कड्याजवळ यायचं आणि पुढे निघून जायचं. मग ती स्वतःच त्यांचं बोट धरून पेटीवर नेऊन ठेवायची. "ही बघा." "अगंबाई, खरंच की," सासूबाई म्हणायच्या. रोज.

अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेचा विषय नवऱ्यानेच काढला. तो स्वतः जाऊन बघून आला होता. खोल्या स्वच्छ, बाग होती, दाराला वरून कुलूप. बोलताना तो बायकोकडे बघत नव्हता, बुटाची नाडी सोडत होता.

"तिथे तिच्याकडे बघायला माणसं आहेत. इथे एखाद दिवशी घर पेटवेल ती."

"आईंना कसं वाटेल?"

"तिला काय कळतंय? तिला रोज सगळं नवीनच. इथे उठली काय, तिथे उठली काय. आपल्यालाच जड जाईल, तिला नाही."

 त्याचं म्हणणं तिला खोडता येत नव्हतं. रोज टॅबलेटवर तिला तेच तर दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर खोडायची इच्छाही नव्हती. एक अख्खी दुपार कानोसा न घेता झोपावं, एवढीच तिची हाव उरली होती. "बरं," ती म्हणाली. सोमवार ठरला.

त्या आठवड्यात तिने कड्याखालच्या झाडीत जमीन फिकी केली, एक झाड बाजूला सारलं आणि नकाशा घरी आणला. सासूबाईंनी "हे काय गं?" विचारलं आणि विचारता विचारताच बोट थेट पेटीवर ठेवलं. कुठे अडलं नाही की घसरलं नाही. पेटीवाली उडालीच. पिवळ्या कडेशिवाय पेटी दिसली होती. तिने उभ्या उभ्या कप्तानाला फोन लावला. "दिसली," ती म्हणाली, "लगेच दिसली." कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने फाइल उघडली आणि डोक्याला हात लावला. नवा नकाशा टॅबलेटवर गेलाच नव्हता. चढवायचा तो तिने चढवला नव्हता आणि घरी जुनाच उघडला होता. झाड होतं तिथेच होतं, सावली होती तशीच होती. आदल्या दिवशी न दिसलेली पेटी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी असताना दिसली होती.

कप्तान हसायला लागला. "अगं, मग डोळा उष्टा झालाय तुझा. दुसरा शोध."

"तो डोळा नाही होणार उष्टा."

"होतो सगळ्यांचा. खात्री करायची तर पेटी हलव आणि बघ, कुठे बघतो ते."

हे तिलाही ठाऊक होतं, नवीन आलेल्यांना ती हेच शिकवायची. पेटी उचलून भलतीकडे उघड्यावर ठेवायची. कोरा डोळा नवीन जागी जातो, उष्टा डोळा जुन्या. इतकी वर्षं हे करताना ती कधी कचरली नव्हती.

शनिवारी तिला सुट्टी होती आणि नवराही घरी होता. तो आतल्या खोलीत आईचे कपडे बॅगेत भरत होता. पेटीवालीने कड्याखालची पेटी काढून नदीपलीकडच्या मोकळ्या वाळूत ठेवली, शेंबड्या पोरालाही दिसेल अशी. टॅबलेट घेऊन ती सासूबाईंजवळ बसली. बोट वाळूकडे जावं, असं तिला अगदी आतून वाटत होतं. गेलं की झालं. मग सोमवारी कसली बोचणी नाही, कसला प्रश्न नाही.

"आई, पेटी शोधायची आहे."

"कसली पेटी? मी नाही बाई असलं काही खेळले कधी," सासूबाई म्हणाल्या आणि बोट कड्याखाली गेलं.

तिथे नुसती झाडं होती. सासूबाईंनी अंगठ्याने काच पुसली. परत बघितलं. बोट तिथेच टेकवून ठेवलं, उचललं नाही. वाळूतल्या पेटीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि सुनेकडे बघितलं, कोठाराच्या किल्ल्या कमरेला असताना बघायच्या तसं.

"इथे होती ना. कुठे नेलीस?"

"मी हलवली, आई."

"मला न विचारता?"

 पेटीवालीला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. आधी आला तो नुसता थकवा, पायांतून वर चढत गेलेला. झोपेची ती अख्खी दुपार गेली, पुढच्या सगळ्या दुपारी गेल्या. रडू त्यानंतर आलं. डोळे तिने पदर नाही, रुमाल नाही, सरळ मनगटाने पुसले आणि आत गेली.

"आईंना कळतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय कळतं?"

"वस्तू होती तिथे नसली की कळतं. कुठे होती तेही कळतं. हात जातो त्यांचा तिथे. त्या तिकडे उठतील आणि हात इकडचं कपाट शोधेल. रोज."

तिने पेटीचं सगळं सांगितलं.  त्याच्या हातात आईचा करडा स्वेटर होता. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि बराच वेळ त्या स्वेटरच्या बाहीची घडी घालत राहिला, मोडत राहिला.

"मी दमलोय गं," तो म्हणाला.

"मीपण."

"मग सोमवारी?"

"सोमवारी नाही."

पुढे कधी, हे त्याने विचारलं नाही आणि तिला सांगता आलं नसतं. बाहेर सासूबाई टॅबलेटवर बोट आपटत पुटपुटत होत्या. कड्याखालची पेटी अजून कोणाला दिसण्यासारखी झाली नव्हती, ते काम तसंच पडलं होतं. नवऱ्याने बॅगेतले कपडे पलंगावर उपडे केले आणि कपाट उघडलं.

"हा स्वेटर कुठल्या कप्प्यात होता?"

तिने कपाटाकडे बघितलं. वरच्या की मधल्या, तिला आठवेना. त्यालाही आठवेना.

"आईंना विचार," ती म्हणाली.