रेशमाच्या किड्याचं पोट

रेशमाचा किडा म्हणजे त्यागाची साक्षात मूर्ती, असं रेशीमशेतीच्या शिबिरात प्रमुख पाहुण्यांनी गळ्यातला हार न काढता सांगितलं होतं. मी तिथं मिळालेल्या पुस्तकात त्या मूर्तीचं उभं चिरलेलं चित्र पाहिलं. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक सरळ, जाड नळी, आणि बाकीचे अवयव तिच्या कडेला जागा मिळेल तसे दाटीवाटीनं. त्याग कुठं दिसला नाही.

एवढ्या ज्ञानावर मी गेल्या उन्हाळ्यात जुन्या जालन्यातून शहागडजवळच्या आमच्या गावी गेलो. वहिनीला दिवसभर बाहेर जायचं होतं आणि शेडमधल्या किड्यांना तुतीचा पाला घालायला माणूस हवा होता. आधीची बॅच एका मजुरामुळं गेली होती. त्यानं तंबाखू मळलेल्या हातानंच फांद्या मांडल्या होत्या. तंबाखूचा अंश पोटात गेला की हा किडा वाचत नाही. हीही बॅच गेली तर शेडमध्ये कांदा भरायचा, असं माझ्या भावानं तिला बजावलं होतं.

"भावजी, तुम्ही तंबाखू खात न्हाई ना?" निघताना तिनं विचारलं.

"बिलकुल न्हाई." पुडी खिशात होती.

सकाळचा पाला मी हात धुऊन घातला. दुपारचा घालताना, शेवटच्या रॅकपाशी, अंगठ्यावर चुना दिसला. तंबाखू कधी मळली, आठवेना.

थोड्या वेळानं लक्षात आलं की शेडमधला आवाज बंद झालाय. हजारो किडे खात असले की कुणी जुना पेपर सावकाश फाडत बसल्यासारखं ऐकू येतं. आता काहीच नव्हतं. किडे डोकी उचलून डुलत होते. अंगानं आखडले होते. कित्येकांच्या मागून ओली घाण येत होती आणि तिच्यामागून पाण्याचा थेंब. मी पुस्तकात विषबाधेची लक्षणं काढली: खाणं बंद, डोकं डुलणं, अंग आखडणं. तीनदा वाचली. दर वेळी ती आणखी जुळली. मग साबणानं पाच वेळा हात धुतले. त्याचा कुठल्याच किड्याला उपयोग नव्हता. मग दाराबाहेर जाऊन बसलो. वहिनीला फोन लावायचं धाडस झालं नाही.

चारला ती आली. तिनं चप्पल काढायच्या आत मी सांगून टाकलं, "वहिनी, मी तंबाखू खातो. त्याच हातानं पाला घातला. सगळे मरून राह्यले."

ती आत गेली. मी तिच्या तोंडाकडं पाहू शकत नव्हतो. तिनं एक किडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. आत हिरवं काही उरलं नव्हतं. किडा पिवळट, आरपार दिसत होता.

"कोण म्हन्लं मरून राह्यले? पिकले हे. उन्हानं दोन दिस आधी पिकले. कोष विणायच्या जाळ्या काढा, जल्दी!"

"मंग तंबाखू?"

"तुमचा पाला त्यांनी खाल्ला कुठं? बघा की, तसाच पडलाय. तुमच्यापेक्षा त्यांनाच अक्कल हाय. आन् हातात पिशव्या घाला आधी."

मी हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून जाळ्या काढल्या. पुस्तकाचं पुढचं पान त्यानंतर वाचलं. कोष विणायला बसण्याआधी किडा खाणं सोडतो आणि पोट पूर्ण रिकामं करतो. मी दुपारभर ज्याला मरण समजून दाराबाहेर बसलो होतो, ते शौच होतं.