व्हॉल्व्हचा अर्धा फेरा

परदेशातल्या आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरात शेजारी प्रतापदादा राहतो. मूळचा पुण्याचा, कोल्ड स्टोरेजची मशिनं बसवणारा इंजिनिअर. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. ती कशी मोडली, हे त्याने मला यंदाच्या लॉकडाउनमध्ये कुंपणापलीकडून सांगितलं.

मार्च २०२०. नॉर्वेच्या पार उत्तरेला, चाळीस घरांच्या मासेमारीच्या गावात तो बर्फाचं मशिन दुरुस्त करायला गेला होता. धक्क्यावरच्या लाकडी खोलीत मुक्काम. मशिनमधून अमोनिया गळत होता. डिटेक्टर बॅगेतच राहिला आणि दादा नाकाने हुंगत गळती शोधत बसला. पुण्याच्या बर्फ कारखान्यातली जुनी खोड. पाचव्या दिवशी त्याला खोकल्याची उबळ थांबेना.

त्याच दिवशी रेडिओवर नॉर्वेतल्या कोविडच्या पहिल्या मृत्यूची बातमी आली.

संध्याकाळी उलाव नावाचा मच्छीमार दोन भावांना घेऊन आला. लाथेने दार तोडलं. "बोटीत बस आणि नीघ." बाहेर लाटा धक्क्यावर फुटत होत्या. त्या उघड्या बोटीत बसणं म्हणजे मरणच. दादाने दाराची चौकट धरून ठेवली. उलावने माशांची डोकी ठेचायचं दांडकं त्याच्या बोटांवर हाणलं. दोनदा.

"मग?"

"मग काय, पळालो मशिन रूममध्ये. तिघं मागे. एकाने मान धरून मला पाइपवर आपटलं. तोंडात रक्त. म्हटलं, साल्यांनो, खोकला कसला ते बघायचंय ना? फिरवला व्हॉल्व्ह."

"अमोनियाचा? वेडा आहेस का दादा!"

"अर्धाच फेरा द्यायचा होता रे. पण डावा हात. पूर्ण फिरला."

गॅसचा झोत थेट उलावच्या तोंडावर बसला. भाऊ खोकत, ओकत खाली पडले. दादाने मोडक्या बोटांनी व्हॉल्व्ह बंद केला, उलावला केसांना धरून बाहेर ओढलं आणि त्याचं डोकं मासे धुण्याच्या टाकीत दाबलं. वर काढलं, पुन्हा दाबलं. हा त्याला बुडवतोय असं वाटून भावांनी दादाच्या पाठीत लाथा घातल्या. दोन बरगड्या गेल्या, पण त्याने केस सोडले नाहीत.

विमानं बंद झाली. गावात त्याला कुणी घरात घेईना. शेवटी उलावच्या आईने घेतलं. "डोळे तू जाळलेस, आता तूच धू," एवढंच म्हणाली. चार महिने दादा त्या घरात राहिला, रोज उलावचे डोळे धूत. डावा वाचला. उजवा पांढरा पडला.

गेल्या महिन्यात त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी पट्टी निघणार होती. त्या दिवशी दुपारी दादाने फोन कुंपणावर टेकवला. स्क्रीनवर उलावने डावा डोळा तळव्याने झाकला. दादाने उजव्या हाताची बोटं वर केली.

"किती?"

उलावने चेहरा स्क्रीनजवळ आणला. फोनमधून समुद्र ऐकू येत होता.

"दोन," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "दोन्ही वाकडी."

"कुणी केली रे वाकडी, हरामखोरा!" दादा मराठीतच ओरडला आणि ओल्या गवतावर मटकन बसला.