नाना आणि सव्वा तास मेलेला भटू

नाना भित्रे होते असं म्हणणं म्हणजे तापी ओली आहे असं म्हणणं. रिक्षात बसण्याआधी ते रिक्षावाल्याकडे त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत. घरी वाट पाहणारं कुणी असलं की माणूस जपून चालवतो, असा त्यांचा हिशोब. बत्तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढून दहाही बोटं शाबूत घेऊन बाहेर पडलेला सुरतेतला हा एकमेव माणूस, असं मी शपथेवर सांगेन. शपथ खोटी निघाली तर बोटं तुम्ही मोजा.

निवृत्तीनंतर त्यांनी उधन्यात एक खोली घेतली आणि खानदेशातून इथं आलेल्या आपल्या लोकांसाठी वेबसाइट काढली. तांत्रिक बाजू माझी. गावच्या बातम्या, सोयरिकीची स्थळं आणि सगळ्यात जास्त वाचलं जाणारं निधन वार्तांचं पान. आज कुणाच्या दारावर सांत्वनाला जायचंय, हे लोक सकाळी चहाच्या आधी तिथं पाहत. साइट चालायची जाहिरातींवर. ट्रॅव्हल्सवाले, मंडपवाले, बँडवाले. निधनाची वार्ता टाकण्याआधी नाना तीन वेगवेगळ्या माणसांना फोन करून खात्री करत. मी वैतागलो की म्हणत, "मेलेला माणूस घाईत नसतो रे. तुला कसली घाई?"

मला घाई होती. जाहिरातींनी पान इतकं जड झालेलं, की ते उघडेपर्यंत नवजात पोराला दाढी यावी. जाहिरात दिसायच्या आत वाचक पळून जाई. म्हणून मी सीडीएन लावलं. नानांना समजावलं, "आपल्या पानाच्या प्रती मुंबईत, दिल्लीत, पार सिंगापुरात ठेवतात. ज्याला जी जवळ, तिथून त्याला मिळते. पटकन."

नानांनी बोटांवर मुंबई, दिल्ली, सिंगापूर मोजलं. मग म्हणाले, "इथं आपण काही खोडलं, तर सिंगापुरातलं कोण खोडणार?"

मी इतका हसलो की शेजारच्या साडीवाल्याने डोकावून पाहिलं. सगळ्या पानांच्या प्रती चोवीस तास ठेवायच्या, अशी सेटिंग करून मोकळा झालो.

आणि एका सकाळी नऊ वाजता, नाना चहाला गेलेले असताना, निरोप आला, 'आपला भटू गेला.' गावाचं नाव होतं, आडनाव होतं. जुन्या मेळाव्याचा फोटो माझ्याकडे होता. तीन फोन कोण करतो? टाकली वार्ता.

नाना आले, स्क्रीन पाहिली आणि चहाचा उरलेला घोट त्यांच्या शर्टावर उतरला. "अरे, गेला तो म्हातारा भटू! हा तर पस्तिशीचा. इथंच भेस्तानला मिलमध्ये आहे. बायको गावाकडं."

मी वार्ता तत्काळ उडवली. आमच्या स्क्रीनवरून गेली. नानांच्या मोबाइलवर मात्र भटू हार घातलेल्या फोटोत हसत होता आणि त्याच्या खाली बँडची जाहिरात नाचत होती. पुन्हा उघडलं, पुन्हा तोच. सिंगापुरातलं खोडणारं कुणी नव्हतं.

नानांनी भटूच्या चुलत्याला गावी फोन लावला. "काही झालेलं नाही. भटू ठणठणीत आहे. रडू नका."

पलीकडे हंबरडा फुटला.

चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. आमच्याकडे कुणी गेलं की फोनवर कधीच खरं सांगत नाहीत. 'तब्येत जरा बिघडलीय, काळजी नको,' असंच सांगतात. नानांसारखा माणूस आपणहून फोन करून 'ठणठणीत आहे' म्हणतोय, म्हणजे शंकाच उरली नाही. मागून कुणीतरी बाई म्हणत होती, "बांगड्या काढा तिच्या."

भटूला फोन लावावा, तर मिलमध्ये शिरताना मोबाइल फाटकावर जमा. नाना उठले. ज्या लूमच्या आवाजाला ते बत्तीस वर्षं भीत आले होते, तिकडे निघाले. रिक्षावाल्याची मुलंबाळं त्या दिवशी त्यांनी विचारली नाहीत.

इकडे मी सीडीएनमधल्या प्रती पुसायचं बटण शोधत होतो. पासवर्ड चार वेळा चुकला. अखेर सगळं पुसलं. त्याबरोबर हजारो लोक आमच्या एकुलत्या सर्व्हरवर तुटून पडले आणि साइटच बसली. लगेच गावाहून फोन, "नानांनी दुखवट्यात साइट बंद ठेवली का हो?"

सव्वादहाला नानांचा व्हिडिओ कॉल गावी लागला. मलाही त्यात घेतलं होतं. वॉचमनशी झटापट केल्याने त्यांच्या शर्टाची बाही फाटलेली, शेजारी कापसाच्या धुळीत माखलेला भटू. तो ओरडला, "अवं, मी जित्ता शे ना! कसाले रडस?"

त्याची बायको पुढं सरकली. मग तिने डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला. मनगटावर बांगडी नव्हती, काचेचा ओरखडा होता. "मना एक हात उघडा व्हई गया ना, नाना."

नाना मिलच्या जमिनीवरच बसले. माझ्या चुकीबद्दल तिथं एक शब्द बोलले नाहीत, नंतरही नाही.

आठवड्याने ते गावी गेले, कासाराला तिच्या दारात नेलं आणि तिने दोन्ही हात भरेपर्यंत समोर उभे राहिले. परत सुरतेला आले नाहीत. साइट माझ्या नावावर करून टाकली.

आता ती मीच चालवतो. बाकीची पानं सीडीएनवरून क्षणात येतात, निधन वार्तांचं पान मात्र थेट आमच्या सर्व्हरवरून, रखडत. परवा एकाने फोनवर झापलं, "भाऊ, सासऱ्याचं उत्तरकार्य उरकलं तरी तुमचं पान उघडत नाही! जाहिरातवाले पळतील."

"पळू देत," म्हटलं, आणि नव्या वार्तेच्या खात्रीसाठी चौथा फोन लावला.